देवगिरीच्या वाटा आणि धावणारी पावले

अलीकडे आमच्या शहरात पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढली आहे. कोणी वैद्याच्या सल्ल्याने धावतो, कोणी पोलीस भरतीच्या तयारीसाठी, तर कोणी केवळ हौसेपोटी. धर्मग्रामातील तरुण आम्हांस अधूनमधून विचारतात, "फादर, धावायला चांगली वाट कोणती? मोटारींचा त्रास नको, पायाखाली डांबर नको आणि सोबत काही पाहण्यासारखेही असावे." प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर शोधू जाता आम्ही इतिहासाच्या दप्तरात शिरलो, आणि तेथे जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले. कारण ज्या शहराला आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, कालपर्यंत औरंगाबाद म्हणत होतो, आणि मलिक अंबरापूर्वी जे नुसते खडकी नावाचे खेडे होते, त्याच्या आसमंतातील वाटा धावणाऱ्या माणसांनीच घडविल्या आहेत. त्या आपणांस नव्याने शोधावयाच्या नाहीत. विसरलो आहोत त्या आठवावयाच्या आहेत.

इतिहासात राजाने रस्ता बांधल्याची नोंद असते. त्या रस्त्यावरून कोण धावले, त्यांच्या पाठीवर काय होते आणि कोणासाठी होते, याची नोंद क्वचितच सापडते. आमच्या भागाच्या सुदैवाने अशा थोड्या नोंदी शिल्लक आहेत. त्यांचाच हा धांडोळा.

अतिप्राचीन मार्ग

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील बंदरांची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले. 'पेरिप्लस' या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात आपले पैठण आणि तेर ही दोन्ही गावे येतात. भडोचच्या बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर, असे तो सांगतो. या गावांचा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून बंदरावर जात असे, हेही त्याने नमूद केले आहे. म्हणजे आमच्या पठारावरून रोमन जगाकडे जाणारी वाट दोन हजार वर्षांपूर्वी वाहती होती. ती बांधीव नव्हती इतकेच.

त्या काळचा प्रवास किती भीतीचा होता याची साक्ष शहराच्या उत्तरेस डोंगरात आहे. बीबी का मकबऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. त्यांतील बहुतेक सहाव्या-सातव्या शतकांतील मानली जातात. सातव्या क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची उभी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंस वाटसरूंवर कोसळणाऱ्या आठ महाभयांची लहान लहान दृश्ये कोरली आहेत. आग, लुटारूंची तलवार, बेड्या, फुटणारे जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक दृश्यात घाबरलेली माणसे हात जोडून धावा करीत आहेत. 'धावा करणे' हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग आम्हांस येथे फार अर्थपूर्ण वाटतो. संकटात माणूस देवाला 'धाव' म्हणतो. स्वतःचे पाय थकले की तो देवाच्या पायांना हाक मारतो. सर्व संतांच्या लितानीत आपणही पीडा, दुष्काळ आणि युद्ध यांतून सोडविण्याची विनवणी एकामागून एक करतो. श्रद्धा निराळ्या असल्या तरी वाटेवरच्या माणसाची भीती एकच असते, हे त्या दगडातून समजते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांचा आदर करण्यास सांगितले. तो आदर पुस्तकात शिकण्यापेक्षा अशा लेण्यासमोर उभे राहून लवकर कळतो.

चाळीस दिवसांची बाग

इसवी सन ११८७ च्या सुमारास यादव राजा पाचवा भिल्लम याने देवगिरीला राजधानी केले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीच्या दरबारातील मंडळींना देवगिरीकडे हलविले. किल्ल्याचे नाव दौलताबाद झाले. या स्थलांतराविषयी शाळेच्या पुस्तकात एक वेडगळ सुलतानाची गोष्ट म्हणून वाचले जाते. परंतु ज्यांना चालावे लागले त्यांच्यासाठी ती गोष्ट नव्हती. दौलताबादेत राहिलेल्या इसामी नावाच्या कवीने १३५० मध्ये आपला पद्यमय इतिहास पूर्ण केला. त्याने आपल्या नव्वद वर्षांच्या आजोबांची हकीकत दिली आहे. दिल्लीचे घर सोडून त्यांना प्रवासास निघावे लागले आणि पहिल्याच मुक्कामी, तिलपत येथे, त्यांनी प्राण सोडला. हजार किलोमीटरांची वाट त्या वृद्धासाठी पहिल्याच टप्प्यात संपली.

पंधरा वर्षांनंतर, १३४२ मध्ये, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच रस्त्याने आला. त्याला हा रस्ता निराळाच दिसला. दोन्ही बाजूंस वाळुंजाची व इतर झाडे इतकी दाट लावलेली होती की प्रवाशाला बागेतून चालल्यासारखे वाटे. मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी लागेल ती वस्तू मिळे, जणू चाळीस दिवस लांबीचा एक बाजारच. एकाच रस्त्याची ही दोन चित्रे आहेत. एकात म्हातारा मरून पडतो, दुसऱ्यात परदेशी पाहुणा सावलीतून जातो. दोन्ही खरी आहेत. रस्ता चांगला की वाईट हे त्याच्या झाडांवरून ठरत नाही. आपण त्यावर स्वेच्छेने आलो की हाकलले गेलो, यावरूनही ते ठरते.

याच इब्न बतूताने आमच्या विषयाच्या गाभ्याची गोष्ट सांगितली आहे. सुलतानाची डाक दोन प्रकारची होती. एक घोड्यांची, जिची चौकी दर चार मैलांवर असे. आणि दुसरी पायी धावणाऱ्यांची, जिच्या एका मैलात तीन चौक्या असत. हा मैल म्हणजे इकडचा कोस. कोस दोन इंग्रजी मैलांचा धरला तर एकेका माणसाची धाव सुमारे एक किलोमीटरची होते. या पायी डाकेला तो 'दावा' म्हणतो. विद्वानांच्या मते हा आपला 'धावा' हाच शब्द आहे. बरनी या दिल्लीच्या इतिहासकाराच्या फारसी ग्रंथातही तो येतो.

चौकीवर कमर कसून माणसे बसलेली असत. प्रत्येकाजवळ दोन हात लांबीची काठी आणि तिच्या टोकाला तांब्याची घुंगरे. एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन माणूस सर्व शक्तीनिशी धावत सुटे. पुढच्या चौकीवरील माणसे घुंगरांचा आवाज ऐकून तयार राहत. तो पोहोचताच एकजण त्याच्या हातातील पत्र घेई आणि काठी वाजवीत पुढे धावे. ही पायी डाक घोड्यांच्या डाकेपेक्षा अधिक जलद असे, असे इब्न बतूता स्पष्ट सांगतो. प्रथमदर्शनी हे नवल वाटते; पण विचार करता कारण उमगते. घोडा चार मैलांत थकतो. एक किलोमीटर धावणारा माणूस मात्र कधी थकण्याइतका धावतच नाही. वेग एकाच्या पायांत नव्हता, तो हातातून हातात देण्याच्या शिस्तीत होता. सिंध प्रांतापासून दिल्लीपर्यंतची पन्नास दिवसांची वाट. परंतु बातमी पाच दिवसांत सुलतानाच्या कानी जाई.

दिल्ली ते दौलताबाद हे अंतर हजार किलोमीटरांच्या घरातले. दर किलोमीटरला एक चौकी म्हटले तर सरळ हिशेबाने हजार चौक्या होतात, आणि प्रत्येक चौकीवर अनेक माणसे. या हजारोंपैकी एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्यांचे महत्त्व लोकांना कळले ते त्यांची घुंगरे थांबली तेव्हा! मुहम्मद तुघलक राजपुत्र असताना १३२१–२२ च्या सुमारास वरंगळला वेढा घालून बसला होता. वाटेत अडथळा आला आणि दिल्लीहून येणारी डाक महिनाभर बंद पडली. लगेच छावणीत अफवा उठली की दिल्लीचा सुलतान मेला. सरदार बिथरले, फौज फुटली आणि राजपुत्राला देवगिरीकडे माघार घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या सैन्याचा कणा कमरेला फडके बांधलेल्या, नाव नसलेल्या माणसांच्या पायांवर उभा होता.

ठाण्याचे हुतात्मे आणि घुंगरांचा आवाज

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशीही या घुंगरांचा दूरचा संबंध आहे. ज्या वर्षी वरंगळची मोहीम निघाली त्याच १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी रक्त सांडले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि त्यांचे दुभाषी, तिफ्लिसचे दिमित्रियस. पुढे थोड्याच काळात पोर्देनोनेचे ओदोरिक हे त्याच संघाचे धर्मबंधू कोकण किनाऱ्यावर उतरले. त्यांनी या हुतात्म्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि समुद्रमार्गे थेट चीनमधील फ्रान्सिस्कन मठापर्यंत नेल्या.

चीनमध्ये ओदोरिकांनी काय पाहिले? तेथेही पायी डाक होती. धावणाऱ्याच्या कमरेला घुंगरांचा पट्टा असे. ठरावीक अंतरावरील घरांत पुढचा माणूस तो नाद ऐकून तयार राहत असे. ओदोरिकांनी हे १३३० मध्ये आपल्या प्रवासवर्णनात सांगितले. इब्न बतूताने आपले वर्णन १३५५ मध्ये पूर्ण केले. एक इटालियन संन्यासी आणि एक मोरोक्कन काझी, एकमेकांना अनोळखी, एकाच ध्वनीची साक्ष देतात. आम्हांस यात आणखी एक गोष्ट दिसते. ओदोरिक स्वतःच असे एक धावक होते. ठाण्याच्या हुतात्म्यांनी जेथे शेवटचे पाऊल टाकले तेथून त्यांनी त्यांचे ओझे उचलले आणि पुढे नेले.

गंगेची कावड

सुलतानाचे धावक केवळ पत्रे नेत नसत. खुरासानची ताजी फळे ताटांत घालून धावत नेली जात. आणि सुलतान दौलताबादेत असताना त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या अंतरावरून याच रीतीने येत असे. एका माणसाच्या घोटभर पाण्यासाठी किती पावले झिजली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

या घटनेनंतर दोनशे वर्षांनी याच परिसरातून दुसरी एक गंगेची कावड निघते. पैठणचे संत एकनाथ (१५३३–१५९९) हे बालवयात गुरूच्या शोधात पैठणहून देवगिरीस आले, अशी परंपरा आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते. जवळच्या शूलिभंजनच्या डोंगरावर एकनाथांनी साधना केली. संतचरित्रांत त्यांची जी कथा घराघरांत सांगितली जाते, ती अशी : काशीहून रामेश्वरासाठी गंगेची कावड नेत असता तापलेल्या वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले, आणि नाथांनी देवासाठी आणलेले पाणी त्याच्या मुखात घातले.

दोन्ही कावडी एकाच नदीच्या. पहिली एका सामर्थ्यवान माणसाकडे पोहोचली आणि इतिहासात एका ओळीची नोंद झाली. दुसरी नियोजित स्थळी पोहोचलीच नाही, आणि चारशे वर्षे लोकांच्या ओठांवर राहिली. चांगला शोमरोनी माणूसही असाच वाट थांबवून ओणवा झाला होता. धावणाऱ्याला वेळेवर पोहोचण्याची जेवढी शिस्त हवी, तेवढेच कोणासाठी थांबावे हे कळण्याचे शहाणपण हवे. देवगिरीच्या वाटेने आम्हांस शिकविलेला हा पहिला धडा आहे.

पानिपतचा कासीद

पेशवाईत बातमी नेणाऱ्यास जासूद किंवा कासीद म्हणत. कामगिरी महत्त्वाची असली की जासुदांची जोडी पाठवीत. एकास काही झाले तरी दुसरा पोहोचावा. सरकारी डाकेप्रमाणेच सावकारांचीही स्वतंत्र डाक असे, आणि पुष्कळदा ती अधिक जलद असे. पैशाला बातमीची भूक राज्याहून मोठी असते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. नानासाहेब पेशवे मदतीस उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या फौजेला सावकारांचा एक कासीद आढळला. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे, आणि तीत आमच्या शहराचे नाव आहे. पानिपतहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पत्र पोहोचविण्याचा त्या कासिदाचा करार होता. पानिपत ते औरंगाबाद हे अंतर सरळ रेषेतही हजार किलोमीटरांहून अधिक. म्हणजे रोज शंभराहून अधिक किलोमीटर! टप्प्याटप्प्यावर माणसे बदलल्याशिवाय हे साधत नसावे.

पेशव्यांनी ते पत्र फोडले. आत सावकारी भाषेत मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या नुकसानीचा हिशेब होता. विरघळलेले दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव. व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या कागदावरून एका बापाला मुलाचा मृत्यू कळला. पुढे पाच महिन्यांनी, २३ जून १७६१ रोजी, पुण्यास पर्वतीवर नानासाहेबांचे निधन झाले.

हा प्रसंग वाचताना आम्हांस जुन्या करारातील दावीद राजा आठवतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात दोन धावक येतात. अबशालोम मारला गेल्याची बातमी घेऊन यवाबाने एका कूशी माणसास पाठविले. मागाहून याजकपुत्र अहीमास हट्टाने निघाला. त्याने सपाटीची वाट धरली आणि कूशीस मागे टाकले. वाटेची निवड कशी निर्णायक ठरते हे त्याला ठाऊक होते. परंतु राजासमोर पोहोचल्यावर मुलाची बातमी सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही. गडबड पाहिली, काय ते कळले नाही, असे म्हणून तो बाजूस झाला. मागून पोहोचलेल्या परक्या कूशीलाच ते जड शब्द उच्चारावे लागले. त्या दिवशी वेगाने धावणारा पहिला आला, पण निरोप पोहोचविला तो दुसऱ्याने. केवळ लवकर पोहोचणे पुरेसे नाही. पोहोचून सत्य सांगता आले पाहिजे. हा दुसरा धडा.

पायी आलेली सुवार्ता

आमच्या भागात कॅथलिक सुवार्ता पोहोचली तीही पायवाटेने. सव्हाय प्रांतातील आनसी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू १८४६ मध्ये विशाखापट्टणम भागात आले. पुढे नागपूर आणि वऱ्हाडमार्गे त्यांचे कार्य निजामाच्या मुलुखात शिरले आणि १८९२ मध्ये घोगरगाव येथे त्यांनी ठाणे केले. ज्या वाड्यांना गाडीवाट नव्हती तेथे पायवाटेनेच जावे लागे. त्या बीजातून वाढलेल्या मराठवाड्याच्या मिशनला १९७७ मध्ये औरंगाबाद या नावाने स्वतंत्र धर्मप्रांताचे रूप मिळाले.

ज्या संताचे नाव या संघाने आणि शहरातील आमच्या शाळेने धारण केले, तो स्वतः वाटांचा माणूस होता. १५९४ पासून चार वर्षे संत फ्रान्सिस द सेल्स शाब्लेच्या डोंगराळ भागात पायी हिंडले. लोक प्रवचनास येईनात, तेव्हा त्यांनी आपली शिकवण कागदावर लिहून घरांच्या दारांखालून आत सरकविली. म्हणूनच १९२३ मध्ये पोप अकराव्या पायस यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले. आमचे हे त्रैमासिक तुमच्या घरी पोहोचते तेही त्याच दाराखालच्या कागदाचे वंशज आहे.

आजच्या वाटा

आता तरुणांच्या मूळ प्रश्नाकडे वळू.

नवशिक्यांसाठी पहिली वाट विद्यापीठ आणि लेण्यांच्या बाजूची. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या, आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या, मराठवाडा विद्यापीठाचा परिसर डोंगराच्या पायथ्याशी पसरलेला आहे. मकबऱ्यापासून लेण्यांकडे जाताना चढ हळूहळू वाढतो आणि शेजारी गोगाबाबा टेकडी आहे. मुरमाची माती गुडघ्यांना डांबरापेक्षा सोसते. मात्र पावसाळ्यात काळा दगड निसरडा होतो, तेव्हा जपून.

दुसरी वाट धावण्यापेक्षा चालण्याची : हर्सूलच्या बाजूने पाणचक्कीकडे. मलिक अंबर हा हबशी गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकीस शहर वसविले आणि जमिनीखालून नहर आणून ते जगविले. पाणचक्कीचे पाणीही अशाच एका, डोंगराकडून आलेल्या नहरीचे. हे बांधकाम १७४४ चे. नहरीचे मनोरे हुडकत जाणे हा धर्मशिक्षणाच्या मुलांसाठी एका रविवारचा उत्तम उपक्रम होईल. ज्या हबशी भूमीतून अंबर आला तिनेच पुढे अबेबे बिकिला दिला, ज्याने १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. हेही मुलांना सांगावे.

तिसरी वाट सरावलेल्यांची : दौलताबाद ते खुलताबाद, जेमतेम दहा-बारा किलोमीटर, घाटाच्या चढाची. खुलताबादेत सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी विसावले आहेत. मलिक अंबर आणि औरंगजेब यांच्याही कबरी तेथेच. तेथून तीन-चार किलोमीटर उतरले की वेरूळचे कैलास लेणे. या रस्त्यावर वाहनांची वर्दळ फार. सुटीचे दिवस टाळावेत, पहाटेच निघावे, गटाने राहावे, आणि दर्गा-देवळापाशी पावले हळू करावीत. चौथी वाट पैठणची, पन्नास किलोमीटरांची. नाथषष्ठीला दिंड्या तीवरून आजही पायी जातात. ती धावण्याची नव्हे, सोबतीने चालण्याची वाट आहे.

या वाटा टिकतीलच असे मात्र समजू नये. रस्ता रुंद होतो तेव्हा पहिला घाव झाडांवर पडतो आणि दुसरा पायी चालणाऱ्यांच्या कडेच्या पट्टीवर. चौदाव्या शतकातील प्रवाशाला बागेसारख्या वाटलेल्या रस्त्याच्या वंशजावर आज पायी माणसाला सुरक्षित दोन हात जागा मिळू नये, हे प्रगतीचे लक्षण म्हणवत नाही. आमची मुले शाळेच्या दारापर्यंत वाहनाने जातात आणि मग धावण्यासाठी जागा शोधतात! उलट, आपल्याच मराठवाड्यातील बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी कित्येक किलोमीटर पायी शाळेत जात असे. त्याच पायांनी त्याने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक आणि २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. गरिबीचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. प्रत्येक मुलाला पायी जाण्याजोगी एक निर्धोक वाट मिळणे हा त्याचा हक्क आहे, म्हणून सांगतो. धर्मग्रामाच्या मंडळांनी, पालकांनी आणि शाळांनी मिळून ही मागणी नगरपालकांपुढे ठेवावी. आपल्या आवारात दहा झाडे लावून मुलांसाठी मातीची एक वाट राखणे तर आपल्याच हाती आहे.

हातातून हातात

संत पौलाला धावण्याची उपमा फार प्रिय होती. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत; विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. करिंथकरांस त्याने लिहिले की ते धावतात कोमेजणाऱ्या मुकुटासाठी आणि आपण न कोमेजणाऱ्यासाठी. आयुष्याच्या अखेरीस तीमथ्याला लिहितानाही आपली धाव संपविल्याचे समाधान तो व्यक्त करतो. प्रवचनांत आपण हे वारंवार ऐकतो आणि ख्रिस्ती जीवन ही एकट्याने जिंकावयाची शर्यत आहे अशी समजूत करून घेतो.

परंतु त्याच पत्रात पौल दुसरेही काही म्हणतो. प्रभुभोजनाविषयी आणि पुनरुत्थानाविषयी सांगताना तो लिहितो की मला जे मिळाले तेच मी तुमच्या स्वाधीन केले. ख्रिस्तसभा ज्याला पवित्र परंपरा म्हणते त्यासाठीच्या लॅटिन शब्दाचा, 'त्रादिसिओ'चा, मूळ अर्थच 'हाती सोपविणे' असा आहे. येथे आम्हांस दौलताबादचा तो अनामिक धावक अधिक जवळचा वाटतो. त्याने पत्र लिहिले नाही, ते वाचले नाही, दिल्ली आणि दौलताबाद ही दोन्ही टोके कदाचित कधी पाहिली नाहीत. त्याच्या वाट्याला आलेला एक किलोमीटर तो जिवाच्या आकांताने धावला, पुढच्याच्या हाती निरोप दिला आणि मागे फिरला. पुढच्याला जाग यावी म्हणून घुंगरे वाजविली, स्वतःची कीर्ती व्हावी म्हणून नव्हे.

ज्या आजीने आपल्या आईला क्रुसाची खूण करावयास शिकविली, ज्या कॅटेकिस्टाने दुष्काळातही वाडीवरची प्रार्थना चुकविली नाही, ज्या धर्मभगिनीने दवाखान्याच्या पेटीसह नदी ओलांडली, ती सारी या डाकेचीच माणसे. त्यांची नावे पुस्तकांत नाहीत. त्यांचा टप्पा त्यांनी पूर्ण केला म्हणून निरोप आपल्यापर्यंत आला. आता तो आपल्या हाती आहे आणि पुढच्या चौकीवर आपली मुले बसली आहेत. आपल्या पावलांबरोबर त्यांना घुंगरांचा नाद ऐकू जातो आहे की नाही, एवढे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.